तीन हिरवे दिवे

टप्. टप्. टप्.

दुपारी गाडीत सगळं निजलेलं असतं. पंखासुद्धा बंद असतो. अशा वेळी बाकाखालची जाळी हळूच उघडते आणि हा आवाज येतो. करुणा गुडघ्यांवर बसून माझी सहा झाकणं एकेक करून फिरवते आणि छोट्या नरसाळ्यानं मला पाणी पाजते. बॅटरीचं पाणी साधं नसतं, बाटलीत मिळतं. एखादा थेंब बाहेर सांडला तर ती लगेच फडकं घेते आणि बाळाचं तोंड पुसावं तसं मला पुसते.

मित्रांनो, त्या पाण्याची माझी लायकी राहिलेली नाही. तरी ती पाजते. म्हणूनच आज तुम्हाला सगळं सांगून टाकावं असं वाटतं.

मी दीडशे अँपिअरची बॅटरी. वय चार वर्षं, म्हणजे आमच्यात उतारवयच. जन्म एका मोठ्या कारखान्यातला. तिथं माझ्या पोटात सहा खण केले, खणाखणात शिशाच्या पट्ट्या उभ्या लावल्या, वरून तेजाब भरलं आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘१५०’ छापलं. त्या आकड्याचा मला फार तोरा होता. ट्रकमधून हिंगोलीला आले तेव्हा शेजारच्या लहान बॅटऱ्यांशी मी धड बोललेसुद्धा नाही.

हिंगोलीत लालसिंगचं सोलरचं दुकान आहे. तिथं एके दिवशी रत्नपाल आला. सेनगावचा माणूस. आधी तो शाळेच्या मुलांची गाडी चालवायचा. ती गाडी जुनी झाली तेव्हा त्यानंच ती विकत घेतली, आतली बाकडी काढली, झोपायला फळ्या टाकल्या, एका बाजूला पुस्तकांचे खण केले. वर्षावासाचे तीन महिने गावोगावच्या विहारांत ग्रंथवाचन चालतं. पुढं धम्म परिषदा, मेळावे असतात. अशा ठिकाणी पुस्तकं, फोटो, पंचरंगी झेंडे घेऊन जायचं आणि चार-चार दिवस गाडीतच राहायचं, असा त्याचा बेत होता.

“कॅम्पर करून राहिलो गाडीची,” तो म्हणाला.

“कॅम्पर?” लालसिंग हसला. “आमच्याकडं कॅम्परमधी थंड पाणी भरत्यात भाऊ, माणसं न्हाई.”

“माणसंच भरायची हायत. मी, बायको, माय अन् पोरगी.”

“मंग गाडीचं राहू द्या. काय काय चालवायचं ते सांगा. किती तास, तेबी सांगा.”

लालसिंगनं खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन घेतलं. मी शेजारीच होते, सगळं बघत होते. नऊ वॅटचे दोन बल्ब, पाच तास, नव्वद. पंधरा वॅटचा पंखा, आठ तास, एकशे वीस. घरचे दोन मोबाइल, तीस. मग रत्नपाल म्हणाला,

“पोरीचं वाफेचं मशीन हाय. दमा हाय तिला. शंभर वॅटचं लिहिलंय त्याच्यावर. दिवसातून तीनदा, धा-धा मिनिटं.”

“मंजे अर्धा तास. पन्नास.” लालसिंगचं पेन जरा हळू चाललं. “वय किती?”

“दोन वर्षं.”

लालसिंगनं बेरीज केली. दोनशे नव्वद. वाटेत थोडी वीज सांडतेच, म्हणून तीनशे साठ धरली. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “ही घ्या. दीडशेला बारानं गुणा, अठराशे. पन ध्यानात ठेवा, अठराशे नुसते लिहायचे. निम्म्याच्या खाली हिला उतरू द्यायचं न्हाई, न्हाई तर हिच्या पट्ट्या जातात. मंजे तुमच्या हातात नऊशे. सूर्य दोन दिवस न्हाई दिसला तरी बराबर चालतंय. वर दोनशे वॅटचं पॅनल टाकू.” पुठ्ठा रत्नपालच्या हातात देताना तो पुन्हा म्हणाला, “आनखी काही? पाहुनेरावळे? साउंड-बिउंड?”

“न्हाई. एवढंच. आमच्या गाडीत कोन येतंय? पुस्तकं अन् आमी.”

मित्रांनो, तो खोटं बोलला नाही. त्याला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. पण पुठ्ठ्यावर एक माणूस लिहायचा राहून गेला होता. त्याची आई, सोजराबाई.

सोजराबाई काही वीज खात नाही. ती फक्त गाडीच्या पायरीवर बसते. आणि पायरीवर बसली की येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते. “जयभीम बाई, ये की. पानी पी. मोबाइल उतरला का? आन इकडं, लाव.” आपल्या दारात आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं असतं हे तिला कधी कुणी शिकवलंच नाही. सुनेनं, करुणानं, तिच्याकडून स्वयंपाक घेतला, ओव्या घेतल्या, आणि हेही घेतलं.

सुरुवातीला एक मोबाइल असायचा, कधी दोन. मला त्याचं काहीच वाटत नसे. उलट आवडायचं! लोक जाळीतून डोकावायचे आणि म्हणायचे, “काय दमदार बॅटरी हाय!” माझ्या वर भिंतीला एक छोटी पट्टी होती. तिच्यावर तीन हिरवे दिवे आणि एक लाल. तिन्ही हिरवे लागले की नंदू टाळ्या वाजवायची. नंदू म्हणजे राजनंदिनी, ती वाफेच्या मशीनवाली पोरगी. मास्क तोंडाला लावून ती माझ्यासमोर बसायची. मशीन घुर्र करायचं, पांढरी वाफ तिच्या गालांवरून वाहायची, आणि दहा मिनिटांत तिची छाती शांत व्हायची. करुणा तेवढा वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत असायची. ते माझं काम होतं. बल्ब, पंखा कुणीही चालवेल. ते मशीन मी चालवत होते.

आता लाजेची गोष्ट सांगते.

आमच्या जातीत एक खोड आहे. उपाशी माणूस तांब्याभर पाणी पितो आणि ढेकर देतो, तसं आमचं असतं. तासभर ऊन लागलं की अंगावर तरतरी येते. पट्टीवर तिन्ही हिरवे दिवे लागतात. पण पोट भरलेलं नसतं. खरी भूक भागायला दिवसभराचं ऊन लागतं. हे लालसिंगला माहीत होतं, मला माहीत होतं. करुणाला माहीत नव्हतं. ती सकाळी पट्टीकडे बघायची आणि म्हणायची, “भरली बाई आपली.” मला ते ऐकायला इतकं गोड वाटायचं, की मी तीन वर्षं तिला तसंच वाटू दिलं. बोलता येत नव्हतं हे खरं. पण एखादा दिवा मंद करून दाखवावा अशी इच्छासुद्धा मला कधी झाली नाही.

गेल्या वर्षी भाद्रपदात पुसेगावच्या पुढं, आडबाजूच्या एका गावी आम्ही होतो. विहारासमोर गाडी उभी होती. पहिल्या दिवशी झड लागली. बारीक, न थांबणारी. दुसऱ्या दिवशी गावचा डीपी जळाला आणि सगळं गाव अंधारात गेलं. तिसऱ्या दिवशी मोबाइल यायला लागले. बाया पदराखाली झाकून आणत होत्या. कुणाचा नवरा पुण्याला, कुणाचं पोरगं पोलीस भरतीला. सोजराबाई पायरीवर बसून एकेकाला जागा करून देत होती. पुस्तकांच्या खणांवरून वायरी अशा लोंबत होत्या, की कारल्याचा मांडवच वाटावा.

चौथ्या दिवशी, अकरा वाजायच्या सुमारास, ढगांना भोक पडलं. तासभर लख्ख ऊन पडलं. माझे तिन्ही दिवे लागले.

आणि तेव्हाच विहार समितीचा विश्वंभर आला.

“रत्नपालभाऊ, आज पोथीचा मोठा भाग हाय. लांबून मानसं येनार. माइकला वीज द्या ना. तासाभराचं काम हाय.”

रत्नपालनं आभाळाकडे पाहिलं. “विश्वंभरराव, चौथा दिस हाय झडीचा. लालसिंगनं दोन दिवसांचा हिशोब सांगितला व्हता.”

“काय भाऊ!” मागून कुणीतरी म्हणालं. “दान कसं करावं ह्याची पुस्तकं इकता, अन् तासभर करंट द्यायला मागं-पुढं बघता?”

सगळे हसले. रत्नपालही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्यानं करुणाकडे पाहिलं. करुणानं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्या पट्टीकडे.

“भरलेली दिसती,” ती म्हणाली. “द्या.”

मित्रांनो, ती माझ्या तोंडाकडे बघून बोलली होती.

माइक तासभर नाही, तीन तास चालला. ऊन केव्हाच गेलं होतं. मी आतून रिकामी होत होते. पट्टीवर दोन हिरवे होते, मग एक, मग पुन्हा दोन. त्या गर्दीत पट्टीकडे कोण बघतंय? आवाज गावभर घुमत होता आणि त्या आवाजातही मला थोडा अभिमान वाटत होता, हे मी लपवत नाही.

साडेतीनच्या सुमाराला नंदू खोकायला लागली. आधी कोरडं, मग ओढ लागली. बरगड्यांमधली कातडी आत जायला लागली. करुणानं तिला उचलून बाकावर घेतलं, औषध मशीनमध्ये घातलं, मास्क लावला आणि बटण दाबलं.

मशीननं घुर्र केलं. एकदाच. इन्व्हर्टर लांब ओरडला आणि गप्प झाला. माइकही गप्प झाला. पट्टीवर लाल दिवा लागला.

“आवो! आवो, मशीन बंद पडलं!”

रत्नपाल धावत आला. त्यानं माइकची वायर उपटली, मोबाइलच्या वायरी उपटल्या, पुन्हा बटण दाबलं. मी सगळा जोर लावला. घुर्र... आणि बंद. तिसऱ्यांदा तेवढंही झालं नाही. तोंडात मारायचा पंप होता, त्यातून दोनदा फुस्स निघालं आणि तो संपला. नंदू रडत नव्हती. रडायला हवा लागते. ती नुसती आईकडे बघत होती.

“गाडी काढ!” सोजराबाई ओरडली. “काय बघून राहिला? काढ गाडी!”

विश्वंभर आणि चार जणांनी चिखलातून गाडी ढकलली. गाडीचं इंजीन आणि त्याची बॅटरी वेगळी असते, तिनं आपलं काम चोख केलं. मी बाकाखाली मेल्यासारखी पडले होते. पुसेगावपर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. आणि त्या रस्त्यावर काय झालं ते मला जन्मभर विसरता येणार नाही.

गावकऱ्यांचे सतरा मोबाइल गाडीतच राहिले होते. घाईत कुणी आपला परत मागितला नव्हता. टेकडी चढली, नेटवर्क आलं, आणि ते वाजायला लागले. एक वाजला, मग दुसरा, मग पाच-सहा एकदम. कुणाचं गाणं, कुणाची हलगी, कुणाच्या नातवाचं हसणं. सगळ्यांचे पडदे उजळले होते. पोटभर चार्ज झालेले मोबाइल, माझ्याच विजेवर. आणि त्यांच्या मधोमध करुणा लेकराला छातीशी उभं धरून म्हणत होती, “घे गं माय, श्वास घे. माझ्यासंगं घे. घे ना.”

पुसेगावात पहिलाच दिवा दिसला तो कमलबाईच्या चहाच्या हॉटेलात. करुणा मशीन कवटाळून आत शिरली. तिला काही सांगावं लागलं नाही. कमलबाईनं पोरीचे ओठ पाहिले आणि फ्रीजचा प्लग ओढून काढला. “लाव बाई, इथं लाव. दूध नासलं तर नासू दे.”

दहा मिनिटं घुर्र चाललं. अकराव्या मिनिटाला नंदू म्हणाली, “आई, मास्क टोचून राहिला.” तेव्हा करुणा खाली बसली, फरशीवरच, आणि तोंडात पदर घालून रडली. मग डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शन दिलं, सगळं झालं. पोरगी वाचली. पण ती माझ्यामुळं वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइल द्यायला ते परत त्या गावी गेले. लोक एकेक करून आले आणि मान खाली घालून आपापला मोबाइल घेऊन गेले. विश्वंभरनं हात जोडले. “ताई, चुकलं आमचं.”

“तुमचं काहून? दिवे मीच पाहिले,” करुणा म्हणाली.

“तू कशाला घेती आपल्यावर?” सोजराबाई म्हणाली. “लोकं मी बोलावले. म्या म्हातारीनं.”

“न्हाई माय. हिशोब माझा व्हता,” रत्नपाल म्हणाला.

मित्रांनो, ती सगळी माणसं एकमेकांच्या हातातून दोष ओढून घेत होती. मला कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं.

हिंगोलीत लालसिंगनं मला तपासलं आणि मान हलवली. “तळाला गेली व्हती. आता हिच्यात निम्मीच ताकद राहिली भाऊ. पाठीवरचं दीडशे वाचू नका.” मग त्यानं पुन्हा पुठ्ठा फाडला. “आता खरं सांगा. कोन कोन येतं?”

“लिहा, आल्यागेल्यांचे मोबाइल,” रत्नपाल म्हणाला. “पाच.”

“पाच?” सोजराबाई म्हणाली. “खोटं नको सांगू डॉक्टरला.”

“मी डॉक्टर न्हाई आजी.”

“मंग आमच्या पोरीचा इलाज कोन करून राहिला? लिही, वीस.”

वीस मोबाइल आणि अधूनमधून माइक. लालसिंगनं बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं. “भाऊ, हे तर तुमच्या घराएवढं दुसरं घर झालं. ह्याला आनखी एक पॅनल, आनखी एक बॅटरी. टपावर जागा हाय का?”

टपावर जागा नव्हती. तिथं पुस्तकांच्या पेट्या होत्या. पेट्या काढल्या तर गाडी कशासाठी फिरवायची? मग लालसिंगनं दिव्यांची पट्टी काढून टाकली आणि आकडा दाखवणारं मीटर बसवलं. ते माझ्या तोंडाकडे बघत नाही. आत किती आलं आणि बाहेर किती गेलं ते मोजतं. “आकडा पन्नास टक्क्यांच्या खाली गेला की फकस्त पोरीचं मशीन. बाकी सगळं बंद,” तो म्हणाला. “मग कुनीबी येऊ द्या.”

तेव्हापासून तसंच चाललंय. नंदू आता सहा वर्षांची आहे, मीटरवरचे आकडे मोठ्यानं वाचते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेतावर, गाडीत माझ्यासारखी कुणी असेल तर तिला वेळेवर पाणी द्या, हे तर खरंच. पण तिच्या चेहऱ्यावर जाऊ नका. ती हसते म्हणून तिच्या पोटात आहे असं समजू नका. आणि हिशोब लिहायला बसाल तेव्हा बल्ब-पंख्याबरोबर तेही लिहा, जे तुम्ही कुणाला मायेनं देऊन टाकणार आहात. ते लिहायला लाजू नका. न लिहिलेलं काय करतं, ते मी पाहिलं आहे.

काल पुन्हा आभाळ होतं. गाडी सेनगावच्या अलीकडे एका विहारापाशी उभी होती. सोजराबाई आत पडून होती. ती हल्ली पायरीवर कमी बसते. पिशवीत मोबाइल गुंडाळून एक म्हातारी आली. याआधी तिला आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

“माय, मोबाइलच्या दोन कांड्या भरू दे. लेक दवाखान्यात हाय, बाळंत व्हायला. जावयाचा फोन यायचा हाय.”

करुणानं मीटर पाहिलं. अठ्ठेचाळीस.

दोन कांड्यांनी माझं काहीही अडलं नसतं. मला ते माहीत होतं. जीव तोडून सांगावंसं वाटलं, दे गं, एवढं दे, पुरेल मी. पण माझं खरं आता कोण धरणार? गेल्या वर्षी मी तीन हिरवे दिवे दाखवले होते.

“आज न्हाई होत आजी,” करुणा म्हणाली. “पोरीचं मशीन हाय. गावात कुनाकडं तरी बघा ना.”

म्हातारीनं आत पाहिलं. खिळ्याला मास्क लटकत होता. “बरं माय. लेकराचं बघ आधी,” ती म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून चिखलातून निघाली. करुणा दारात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

नंदू माझ्या बाकावर बसून पाय हलवत होती. तिचे पाय थांबले.

“आई, त्या आजीला तू माझ्यामुळं न्हाई म्हनलीस का गं?”